विमानाचं वजन करताना

बिबवेवाडी, पुणे
वैशाखातली टळटळीत दुपार

ती. दिगंबरदादांना,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (जावयाने मेहुण्याला साष्टांग घालायची आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. लग्नापासून आजवर आपणच मला आधी नमस्कार करत आलात. पण सध्या माझी बायको आपल्या घरी आहे आणि माझी बाजू पडती आहे, तेव्हा हा नमस्कार खरोखरच फरशीवर पडून घातला आहे असं समजावं. फरशी गार आहे, बरं वाटतं.) आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला कमी झाला का? साताऱ्यात उन्हाळा पुण्यापेक्षा सौम्य असेल; माणसंही असतील. हे सगळं मी फोनवरच विचारणार होतो, पण मी फोन केला की आपण "सुहास देवळात गेली आहे" असं सांगून ठेवून देता. सुहासिनी इथे असताना चतुर्थीलासुद्धा घरातल्या गणपतीवर भागवते. तिकडे जाऊन ती एकदम इतकी धार्मिक झाली असेल तर आनंदच आहे. नसेल, तर हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचावं, ही विनंती.

तिने आपल्याला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. "त्यांनी मला चारचौघांत कांद्याच्या पोत्यासारखं तोललं," हेच ना? यातला एकही शब्द खोटा नाही. पण तो प्रसंग नुसता सांगितला तर मी राक्षस ठरतो, म्हणून थोडं मागून सांगतो.

विमानाची खोकी आली तेव्हा आपण योगायोगाने इथेच होतात. आपण सगळं पाहून एवढंच म्हणालात, "गोपाळराव, संध्याकाळी जरा फिरायला जात जा." दादा, मी जन्मभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून यंत्रांच्या सुट्ट्या भागांच्या आकृत्या काढल्या. माझ्या वाट्याला कधी नुसता दांडा यायचा, कधी नुसतं झाकण. अख्खं यंत्र माझ्या हातून कधी उभं राहिलं नाही. निवृत्तीनंतर माझ्या मित्रांनी हास्यक्लब धरला, मी फ्लाइंग क्लब धरला, हौशी वैमानिकाचा परवाना काढला (डॉक्टरांनी तेव्हा माझं वजन वगैरे सगळं तपासलं होतं, हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे) आणि घरी जोडायचं विमान मागवलं. सोसायटीत मॉड्युलर किचन आहे म्हणून सांगितलं. चेअरमनना ते शेपूट जोडेपर्यंत पटलं होतं. नंतर त्यांनी नोटीस लावली, की पार्किंगमध्ये फक्त सभासदांची "जमिनीवरील वाहने" ठेवावीत. मी त्यांना नम्रपणे कळवलं की माझं वाहन तूर्त जमिनीवरच आहे, आणि सरकारी परवानगीचा वेग पाहता बरीच वर्षं राहील.

विमान दोन खुर्च्यांचं का, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाहीत, पण त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. लग्न झाल्यावर आम्ही खडकवासल्याला गेलो होतो. धरणाच्या भिंतीपाशी भाजलेलं कणीस खात उभे असताना डोक्यावरून एक चिमुकलं विमान गेलं, आणि सुहासिनी म्हणाली, "यात बसायला काय मजा येईल नाही!" मी ते वाक्य जन्मभर जपून ठेवलं. (तिचं म्हणणं, ती असं कधीच बोलली नाही; कणसाला मीठ जास्त झालंय, एवढंच बोलली होती. पण मी तिथे होतो.) म्हणून दोन खुर्च्या. डावी माझी, उजवी तिची. उजवीकडचा पट्टा तिच्या उंचीने बसवला आहे आणि पर्स ठेवायला खाली कप्पाही केला आहे, जो मूळ आराखड्यात नाही.

आणि आता जे सांगतो ते तिने आपल्याला नक्कीच सांगितलं नसेल, कारण स्वतःची स्तुती करायची तिला सवय नाही. हे विमान मी बांधलं असं मी जगाला सांगत असलो तरी निम्मं तिने बांधलं आहे. पंखाच्या पोटाला तपासणीसाठी बांगडीएवढी भोकं असतात. बाहेरून मी बोल्ट फिरवायचा, तर आत कुणीतरी हात घालून नट धरायला लागतो. ती बांगड्या उतरवून कोपरापर्यंत हात आत घालायची आणि तोंडाने भाजी कशाची करू हे विचारत नट अचूक धरायची. डावा पंख असाच झाला. उजव्या पंखातले शेवटचे नट तेवढे राहिले आहेत. ते व्हायच्या आधीच वजनाचा दिवस उजाडला.

घरी बांधलेलं विमान उडण्याआधी तोलावं लागतं. तिन्ही चाकांखाली काटे ठेवायचे, मग बसणाऱ्या माणसांची वजनं मिळवायची, आणि मर्यादेत जी जागा उरेल तेवढंच पेट्रोल भरायचं. आमच्या शेजारच्या मन्सूरभाईंचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. त्यांनी मोठ्या मनाने तीन काटे टेम्पोत घातले आणि बरोबर त्यांचा तोलणार सोनबालाही आणलं. वजन करण्यापुरते पंख जोडले. पार्किंगमध्ये सोसायटी लोटली होती. (वार्षिक सभेला कोरम होत नाही, पण शेजाऱ्याचं वजन बघायला होतो.) चाकांची वजनं नीट झाली. मग मी सुहासिनीला काट्यावर बोलावलं, आणि ती बिचारी हसत, पदर सावरत आली. नवी साडी नेसली होती, कारण कुणी फोटो काढील असं तिला वाटत होतं.

दादा, यार्डात तोलणाऱ्याने आकडा पुकारायचा असतो, म्हणजे गाळ्याच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू जातो. सोनबाने उभ्या जन्मात दुसरं काही केलेलं नाही. त्याने काट्याकडे पाहिलं, मान वर केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकतील अशा आवाजात आकडा पुकारला. (आकडा मी इथे लिहीत नाही. मला अक्कल उशिरा येते, पण येते.) त्यावर मन्सूरभाई, तेही निव्वळ सवयीने, म्हणाले, "बारदान वजा कर रे!" बारदान म्हणजे मालाचं रिकामं पोतं. इथे ते नव्या साडीला लागू पडलं.

एवढं होऊनही ती काट्यावरून उतरताना हसत होती. मी शपथेवर सांगतो, हसत होती. पण माझ्या हातात पेन्सिल होती, आणि हातात पेन्सिल असली की मी नवरा राहत नाही, ड्राफ्ट्समन होतो. मी बेरीज केली आणि म्हणालो, "अरेरे! मग पेट्रोल कमी भरावं लागेल."

पुढचं आपल्याला माहीत आहे. साताऱ्याची एसटी तिने पकडली.

सोनबाला मी नंतर झापलं. तो म्हणाला, "साहेब, हळू बोलून माल इकला जातो व्हय?" मन्सूरभाईंनी मात्र स्वच्छ सांगितलं, "गोपाळराव, सोनबा ओरडला ते काट्याचं होतं. तुम्ही बोललात ते तुमचं होतं." त्यांच्या बायकोने, रशीदाभाभींनी, तर माझ्याशी बोलणंच सोडलं आहे. डबा पाठवतात, पण मन्सूरभाईंच्या हाती, आणि त्यात गोड नसतं.

काम अडू नये म्हणून परवा मी स्वतःच उजव्या पंखात हात घातला. पंख हॉलमध्ये आहे (सोफा गॅलरीत आहे, त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन). हात आत गेला, बाहेर येईना. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देऊ लागला, आणि मी विमानाला जखडलेला. ओढावं तर पंख माझ्याबरोबर चालायला लागायचा. शेवटी रशीदाभाभींना शिट्ट्या अति होताहेत असं वाटलं, आणि मन्सूरभाई त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आले. आधी त्यांनी गॅस बंद केला, मग खोबरेल तेलाची बाटली आणून माझा हात सोडवला. डाळ कुकरच्या तळाला चिकटली होती. ती खरवडताना माझ्या तोंडून सवयीने निघालं, "अगं, पाणी किती घातलं होतंस?" डाळ मीच लावली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. दादा, मला फार एकटं वाटलं. एवढं मोठं विमान घरात असूनही घर रिकामं वाटतं, हे मी आपल्याला सरळच सांगतो.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला पडता मेहुणा,
गोपाळकृष्ण

ता. क. लिहायचं राहिलं. सुहासिनीने जाताना मिसळणाचा डबा नेला. तो तिच्या आईचा आहे, न्यावा. पण त्यात मसाले नाहीत. वाट्या सोयीच्या म्हणून मी वजनानंतर पंख सोडवले तेव्हा ते विमानाला जोडायचे बोल्ट त्यात लावून ठेवले होते. मोहरीच्या वाटीत छोटे, हळदीच्या वाटीत मोठे. वहिनींना सांगावं, घाईत फोडणीत घालू नयेत. हे बोल्ट पुण्यात कुठेही मिळत नाहीत. जमल्यास डबा तेवढा लवकर पाठवावा.

ता. क. २. वरचा मजकूर पुन्हा वाचला. मी बोल्टसाठी पत्र लिहिलं असं वाटतं. खरं सांगायचं तर सुरुवात तशीच केली होती. पण बोल्ट आले तरी आतून नट धरणारा हात साताऱ्यातच राहणार. तेव्हा डबा राहिला तरी चालेल, तिला पाठवा.

ता. क. ३. काल बंद केलेलं पाकीट पुन्हा उघडलं. आज सकाळी मन्सूरभाईंना सांगून काटा पुन्हा मागवला, सोनबालाही बोलावलं, आणि सगळी सोसायटी खाली आल्याची खात्री करून मी स्वतः काट्यावर चढलो. बेरजेत मी माझं वजन डॉक्टरांनी परवान्याच्या वेळी केलेलं, जुनंच धरलं होतं. सोनबाने आकडा पुकारला, रशीदाभाभी गॅलरीत होत्या आणि खूप दिवसांनी माझ्याकडे बघून हसल्या. हा आकडा मी लिहितो, सुहासिनीला खुशाल मोठ्याने वाचून दाखवा: शहाण्णव किलो. पेट्रोल माझ्यामुळे कमी भरावं लागणार आहे. आणि मन्सूरभाईंनी बारदान वजा करू दिलं नाही.