म्हातारा ठेवायचा की काढायचा

सोमवार, ४ मार्च
साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं! तिकीट-बुकिंगचा सगळा डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो आमचा जावा भाषेतला जुना ॲप्लिकेशन सर्व्हर — ठेवायचा की काढायचा, शुक्रवारपर्यंत सांगा म्हणे. ऑफिसात त्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणतात. मीच सांभाळते त्याला. जीव आहे माझा त्याच्यावर, पण हे मीटिंगमध्ये बोलायची सोय नाही!

मंगळवार, ५ मार्च
घरून काम. दिवसभर फोनवर उतावळ्याशी भांडण. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा हा प्राणी — नवीन काही दिसलं की हवंच! “नवा, हलका सर्व्हर घेऊ की, चुटकीसरशी सुरू होतो.” मीही पेटले. “मान्य! म्हातारा उठता उठत नाही, खातो बकासुरासारखा, जरा काही बदललं की फुगून बसतो. पण एकदा उठला की पडत नाही!”
बाबा — माझे सासरे — हॉलमध्ये पेपर वाचत होते, ते एकदम आत निघून गेले.

बुधवार, ६ मार्च
बाबांना झालंय तरी काय? हाक मारायच्या आत उठून, आंघोळ करून तयार! जेवताना एका पोळीवर “पुरे”. तब्येत विचारली तर म्हणे, “ठणठणीत. अजून पडलो नाही.” नवऱ्याला सांगितलं. हा म्हणाला, “वय झालंय, चालायचंच.”

गुरुवार, ७ मार्च
पुन्हा घरून काम. अखेर हुकमाचा मुद्दा सापडला. पैसे कापले आणि तिकीट निघालं नाही, असं म्हातारा होऊच देत नाही — एक बिनसलं की दोन्ही मागे घेतो. नव्यात हे सगळं आपण लिहीत बसायचं! साहेबांना फोनवर ठणकावलं, “मी आहे तोवर म्हातारा कुठेही जाणार नाही!”
वळून बघते तर दारात बाबा. डोळे पुसताहेत. “सूनबाई, उपकार झाले. खाणं मी कमी केलंच आहे.”
आई गं! तेव्हा माझी ट्यूब पेटली. लॅपटॉप उघडून दाखवला — हा बघा म्हातारा, आणि खातो ती मेमरी! दोघंही हसून हसून बेजार. मग बाबांनी चार पोळ्या खाल्ल्या.

शुक्रवार, ८ मार्च
म्हातारा राहिला! घरी येऊन आधी बाबांना सांगितलं. हसले. मग हळूच म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय.”
“काय ठरवलंय?”
“रविवारी हा विचारत होता ना मला, धाकट्याकडे कायमचे जाल का म्हणून.”
मला एका शब्दाने सांगितलं नाही ह्याने. येऊ दे आज घरी.