मधमाश्यांसाठी तेरडा

७ जून, किहीम
विकतचं लॉन आजपासून बंद. घरामागे फक्त इथलीच झाडं. तेरडा, आघाडा, कळलावी. मधमाश्या, फुलपाखरं, पक्षी, सगळ्यांची सोय. रोज पाचला उठणे. आरोही गौरीला पुण्याहून येईल तेव्हा बघेल. लेकीचं ठाम मत आहे की बाबा एकही काम तडीस नेत नाहीत. यंदा तोंडात बोटं घालेल.

१५ जून
आठला उठलो. कंबर. निसर्गात फार ढवळाढवळ करू नये, असं माझं मत होत चाललंय.

२० जुलै
तेरडा गुडघ्याएवढा. क्रांती, म्हणजे बायको, म्हणते, तो आपोआपच उगवतो, दरवर्षी आपण उपटून टाकायचो. न उपटणं हीसुद्धा मेहनतच. पण क्रांतीला कोण सांगणार.

१८ ऑगस्ट
फुलला. गुलाबी. मधमाश्या मोजल्या, चोवीस. काही दोनदा मोजल्या असतील. आरोहीला फोटो पाठवत नाही. सरप्राइज.

२५ ऑगस्ट
लोकशिक्षण हवं. प्रत्येक झाडापुढे पाटी लावली, ठळक अक्षरात नाव. गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'या, ओळखा, जपा.' चाळीस अंगठे. गावात एवढी जागृती असेल असं वाटलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
आघाडा अर्धा गायब. पक्षी खायला लागले. प्रयोग यशस्वी.

३१ ऑगस्ट, सकाळी ११
अलिबागहून पेढे घेऊन आलो तर बाग नाही. आज गौर आणायची, म्हणून अख्खी आळी येऊन तेरडा घेऊन गेली. शेजारची जनी वर मलाच सांगते, काका, पाट्या लावल्या ते बरा झाला, शोधायला लागला न्हाय.
घरात गेलो. पाटावर आमची गौर. साडी, मुखवटा, आणि आत माझा तेरडा, मुळासकट. मागचं फाटक क्रांतीनेच उघडलं होतं. पहिलं रोपही तिनेच उपटलं. विचारलं तर म्हणाली, मग गौर काय प्लास्टिकची आणू? सत्तावीस वर्षांचा संसार. विश्वासघात हा शब्द मी सहसा वापरत नाही. आज वापरतो.

दुपारी ४
आरोही आली. थेट मागे गेली. उकरलेली माती आणि ओळीने पाट्या. हसली असती तर चाललं असतं. पाठीवर हात ठेवून म्हणाली, असू दे बाबा, पाट्या तरी झाल्या, झाडं पुढच्या वर्षी लावा. फार लागलं.
मागच्या दारातून आत क्रांतीकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. गौरीला वेणी माळत राहिली. सणाच्या दिवशी लेकीपुढे तिच्या आईचं नाव कसं घेणार?
लावतो, म्हणालो.