प्रभूऐवजी तुझ्याच गोष्टी

प्रिय आई, तुला तुझ्या थोरल्याचा प्रेमाचा सलाम.

नव्या भागात बिऱ्हाड लागलं. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस. फक्त प्रभूची सुवार्ता सांगायला दारोदार फिरलो, तर कुणी दारच उघडेना. माझंच काही चुकतंय का, असं वाटू लागलं होतं.

काल शेजारच्या आजीबाईंनी उघडलं. म्हणाल्या, "देवाचं नंतर सांग, आधी हे कपाट सरकव." सरकवलं. मग चहा देत विचारलं, "घरी कोण असतं रे तुझ्या?" मी तुझ्याबद्दल बोलत सुटलो तो दिवेलागणीपर्यंत. प्रभूचं नाव काढायचं राहूनच गेलं! निघताना म्हणाल्या, "उद्या ये, आईचं पुढचं सांग."

हे प्रभूच्या सेवेत धरावं का, मला ठरवता येत नाही. पण जाणार आहे. तुझा गुडघा कसा आहे ते खरं लिही. त्या नक्की विचारतील.

तुझाच,
थोरला