तिसऱ्या दिवसाची सही

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझा युनिफॉर्म बघून आपल्या दोन्ही गुडघ्यांची कहाणी सुरुवातीपासून ऐकवली. मी डॉक्टर नाही, ॲम्ब्युलन्सवर काम शिकते आहे, असं दोनदा सांगितलं, तरी उतरताना त्यांनी डॉक्टरीणबाई म्हणूनच निरोप घेतला.

तुझ्या गाडीवर केलेल्या दहा ड्यूट्यांचा कागद ऑफिसात दिला आणि काल मला सर्टिफिकेट मिळालं. बाबांनी संध्याकाळच्या आत काच बसवून आणली आणि टीव्हीच्या वर खिळा ठोकला. येईल त्याला सांगतात की पोरगी आत्यावर गेली. आई म्हणते, टीव्ही बंद असतानाही ते तिकडेच बघत बसतात.

मला मात्र त्या भिंतीकडे बघवत नाही. शेवटच्या ड्यूटीतला तो सुतार डोळ्यांसमोरून हलत नाही. करवतीने मांडी कापलेली, रक्त उडत होतं. मी पिशवीतून आवळायचा पट्टा काढला आणि तू माझा हात बाजूला सारून वर आणखी एक कापडी घडी दाबलीस. मी पट्टा गुंडाळून परत पिशवीत ठेवला. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कळव.

कप्तानांना नमस्कार सांग. त्यांच्यासारखी गाडी कुणी चालवत नाही, पण गातात त्यापेक्षा सायरन बरा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. सर्टिफिकेट टीव्हीच्या वर लावायचं हे माझ्या भावालाच सुचू जाणे. लहानपणी माझा पोहण्यातला तिसरा नंबर त्याने असाच गल्लीभर मिरवला होता. त्या स्पर्धेत आम्ही तिघीच होतो हे तेवढं सांगायचा विसरला. कप्तानांना तुझा निरोप दिला, ते आता हट्टाने गातात. तू गेल्यापासून स्ट्रेचरची चाकं पुसायला कुणी नाही, सगळे एकमेकांकडे बघतात.

सुतार जिवंत आहे. रक्त फार गेल्यामुळे मूत्रपिंडांनी काम सोडलं आहे, दिवसाआड मशीनवर घेतात. सुधारतील म्हणतात. परवा त्याची बायको आमच्या केंद्रात आली होती. माझे दोन्ही हात धरून तिने आभार मानले. हॉस्पिटलातल्या एका पोरसवदा डॉक्टरने मात्र मला तीनदा विचारलं की पट्टा का बांधला नाही. तिन्ही वेळा मी सांगितलं की पट्टा हा शेवटचा उपाय. आम्ही शिकलो तेव्हा हे वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं. एकवीस वर्षं गाडीवर काढली आहेत, माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.

हात बाजूला सारला म्हणून रुसली असशील तर रुसवा काढून टाक. गाडीत आत्या-भाची असं काही नसतं.

वेळेवर जेव, वेळेवर झोप, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी आत्या


ता. १६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना तीन कागद फाडले. चौथ्यावर जे उतरेल ते पाठवणार आहे.

फेब्रुवारीत तू गाडीवर काम करायच्या परवान्याच्या कार्डाचं नूतनीकरण करायला आमच्याकडे आली होतीस. तीन दिवस, चोवीस तासांचा उजळणी वर्ग, आणि आम्हा नव्यांनाही त्याच वर्गात बसवलं होतं. दोन दिवस तू शेवटच्या बाकावर शब्दकोडी सोडवलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी पांघरुणातूनच म्हणालीस की हे लोक मला नवीन काय शिकवणार, तू माझी सही कर. तुमच्या केंद्रात सगळे एकमेकांच्या सह्या करतात, एक जण चौघांसाठी बसतो, असंही सांगितलंस. मी तुझी सही केली. करताना मला मजा वाटली, हेही लिहून टाकते.

त्या दिवशी सरांनी तीन तास फक्त रक्तस्राव शिकवला. नियम केव्हाच बदलला आहे, आत्या. हातापायातून रक्त उडत असेल आणि दाबून थांबत नसेल तर वाट बघायची नाही, जखमेच्या वर पट्टा आवळायचा आणि त्यावर वेळ लिहायची. शेवटचा उपाय हे जुनं झालं. सरांनी प्रत्येकाकडून सहा सहा वेळा बांधून घेतलं. घरी आल्यावर तू विचारलंस की काय झालं वर्गात, आणि मी म्हटलं, विशेष काही नाही. तुला शिकवायची मला लाज वाटली.

गाडीत मला सगळं माहीत होतं. हॉस्पिटल येईपर्यंत अकरा मिनिटं माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर फार तर तू ओरडली असतीस. मी त्या माणसाचा हात धरून गप्प बसले आणि त्याला वाटलं मी धीर देते आहे. माझी मलाच किळस येते.

माझ्या वहीतली पानं सोबत जोडली आहेत. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
भिंगरी


ता. २४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसले. गाडीत जाऊन पट्टा काढला आणि तुझी पानं समोर ठेवून स्वतःच्या मांडीवर बांधून पाहिला. दुसऱ्या खेपेला जमला. एका मिनिटाचंही काम नाही ते.

पुढचं ऐक. त्या डॉक्टरने कार्ड देणाऱ्या ऑफिसला कळवलं. त्यांनी हजेरीपत्रक काढलं, त्यावर माझी तिन्ही दिवसांची सही. मग त्यांनी तुमच्या सरांना जाब विचारला की तुमच्या वर्गात बसलेल्या बाईला तीन आठवड्यांत हे कसं माहीत नाही. उत्तर मिळेपर्यंत त्यांचे वर्ग बंद ठेवले आहेत. काल सरांचा मला फोन आला. मला वाटलं भांडतील. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं की माझ्या शिकवण्यात नेमकं काय समजलं नाही, म्हणजे पुढच्या वेळी सुधारता येईल. भिंगरे, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी खोकल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

आज ऑफिसला लिहून दिलं आहे की तिसऱ्या दिवशी मी सकाळी स्वतः सही केली आणि वर्गात न बसता निघून गेले. सर सुटतील. माझं व्हायचं ते होईल. तू मात्र यात नाहीस. तुझं सर्टिफिकेट महिन्याचंही झालेलं नाही आणि दादाने ते भिंतीवर लावलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही माझी आज्ञा समज.

माझ्यासाठी एवढं कर, आणि माया राहू दे.

तुझी आत्या


ता. २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडली. सोमवारी मी ऑफिसात जाऊन आले.

तिथल्या बाईंनी आधी मला नूतनीकरणाच्या रांगेत उभं केलं, त्यांना वाटलं मी पत्ता बदलायला आले आहे. मी सांगितलं की ती सही माझी. त्यांनी हजेरीपत्रक समोर ठेवलं आणि कोऱ्या कागदावर पुन्हा करून दाखवायला सांगितली. पहिल्याच फटक्यात हुबेहूब उतरली. त्या एका अक्षरानेही रागावल्या नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

सर्टिफिकेट रद्द झालं. वर्षभर अर्ज करता येणार नाही, मग पुन्हा पहिल्यापासून अभ्यासक्रम, परीक्षा, ड्यूट्या. सरांचे वर्ग सुरू झाले आहेत. मी माफी मागायला गेले तर म्हणाले की पट्टा तू नीट शिकली होतीस, बोलायला शिकवायचं माझ्याकडून राहिलं. मी जिन्यात बसून रडले.

बाबांनी चौकट उतरवून कपाटावर पालथी ठेवली. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की इमारतीतल्या प्रत्येकाला मी सांगितलं होतं. तुझं नाव काढत नाहीत.

मी हे तुला वाचवायला केलं नाही, उलट तू आणखी अडकलीस हे कळतं. पण तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस आणि मी गप्प बसले असते, तर ते गाडीतल्यासारखंच दुसऱ्यांदा गप्प बसणं झालं असतं. जेवढं रागवायचं तेवढं रागव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. १२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर खरंच रागावले होते. कप्तानांनी गाणं बंद केलं, यावरून अंदाज कर.

ऑफिसने मला बोलावलं. टेबलावर माझा कबुलीजबाब आणि शेजारी तुझा. साहेबांनी शांतपणे विचारलं की कबुली देतानासुद्धा तुम्हाला खरं लिहिता आलं नाही का. माझंही कार्ड गेलं. सध्या केंद्रातच भांडारात बसून पट्ट्या आणि हातमोजे मोजते. केंद्रातले बाकीचे तीन सहीवाले माझ्या नजरेला नजर देत नाहीत, आणि परवा तिघांनीही आपण होऊन पुन्हा वर्गाला नाव दिलं.

काल सुताराकडे गेले होते. त्याला आता मशीन लागत नाही, काठी घेऊन घरात चालतो. त्याच्या बायकोने खुर्ची पुसून दिली. मी बसले आणि सगळं सांगितलं, वर्ग, झोप, सही, पट्टा. अर्ध्यातच ती बाई उठून बाहेर गेली. त्याने विचारलं की किती मिनिटं. मी म्हटलं, अकरा. मग विचारलं की गाडीत हे माहीत असलेलं कुणीच नव्हतं का. मी म्हटलं, होतं, एका मुलीने पट्टा हातात घेतला होता. तो म्हणाला की मग तिचं का ऐकलं नाही.

माझ्या तोंडाशी उत्तरं तयार होती. जुना नियम, गडबड, एकवीस वर्षं. तुला मी लिहिलं होतं की गाडीत आत्या-भाची असं काही नसतं. मी त्याला खरं ते सांगितलं, की ती माझी भाची आहे, तिला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं, म्हणून नाही ऐकलं. परकी असती तर कदाचित ऐकलं असतं.

त्याने काठी जवळ ओढली. मग म्हणाला की बाहेर जाताना बायकोला आत पाठवा.

लोभ असू दे असं लिहायचं आज धाडस होत नाही. तो ठेवायचा की नाही हे तूच ठरव. तू सांगशील ते मी ऐकेन.

तुझी आत्या