तहानलेला राक्षस

प्रिय पंकजदादा,

सप्रेम जय भीम. आधीच सांगते, चिडू नकोस. "पिक्चर बघायला जाऊ नका, त्यात गोष्टच नाही, नुसता धुडगूस आहे," असं तू बजावूनही आम्ही गेलो. दोन वर्षं कॉम्प्युटरवर राक्षसाच्या कातडीला भेगा काढण्यात फुकट गेली, लोक टर उडवतात, आता महिनाअखेर राजीनामा देणार, असं तू म्हणालास आणि मला राहवेना. आई, अण्णा आणि मी सोनईहून एसटीनं थेट नगर गाठलं. तुझं नाव पडद्यावर येणार आणि आम्ही घरी शेंगा फोडत बसायचं? असं कसं होईल रे!

आणि दादा, काय पिक्चर आहे! गोष्ट नाही हे खरंच. हिरो कुठून आला, त्या बाईनं त्याला चमकणारा दगड का दिला, मला काही म्हणता काही कळलं नाही. पण आकाशातून ते उलटं शहर खाली येतं ना, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला! यान समोरून आलं तशी आईनं खुर्चीत अंग चोरलं, पदर डोक्यावर ओढला. मागची पोरं खदाखदा हसली, मीही हसले. मग तुझा राक्षस आला. शेजारच्या अनोळखी बाईंना मी सांगूनच टाकलं, याची कातडी माझ्या भावानं केलीय. त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली.

मला काळजी अण्णांची होती. कान गेल्यापासून ते टीव्हीसमोरही बसत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. सगळे हसले की ते उशिरा हसायचे, पुढे तेही सोडलं. पारावर जाणं बंद, फोनवर येणं बंद. पण त्या थेटरात कुणालाच काही समजत नव्हतं आणि अण्णांना सगळं समजत होतं! आपल्या चष्म्यावर थेटरात मिळालेला थ्रीडीचा काळा चष्मा चढवून ते खुर्चीच्या टोकाशी बसले होते. शेवटी तुझं नाव आलं तेव्हा उठून उभे राहिले आणि नाव गेल्यावरही उभेच होते.

परतीच्या एसटीत बसल्याबरोबर सुरू झाले, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "त्यो लुटायला न्हाई आला गं. पान्यासाठी आलाय. कातडी बघितली का त्याची? व्हट कसे फुटलेत? त्याच्या गावाला टँकर येत नसंल." पिक्चरमध्ये असलं काही नाही! राक्षस पृथ्वी जाळायला आलेला, एवढं मलाही कळलं होतं. पण कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून ऐकत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी अण्णा आपणहून पारावर गेले. आता लोक त्यांना रोज आग्रहानं बसवतात आणि रोज गोष्ट वाढते. कालपासून राक्षसाला एक लेकही आहे. आई म्हणते, इतकं तर ते लग्नानंतरही बोलले नव्हते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पत्र लिहायला मला अण्णांनी बसवलंय, समोर बसून बघतायत. हिरोनं राक्षसाला मारलं याचा त्यांना अजून राग आहे. "पान्यासाठी दारात आलेल्याला मारत्यात व्हय? पंक्याला लिही, पुढच्या भागात त्याला पानी पाज." ते तुझ्या हातात नसतं, हे मी सांगितलं नाही. तू नोकरी सोडतोयस, एवढं खुणांनी सांगितलं. त्यांनी कागदावर हात ठेवून मला थांबवलं. मग म्हणाले, "मग त्याला पानी कोन देनार?" तेच तुला विचारतेय. काय ते तू ठरव, पण फोन करू नकोस. कागदावर लिही, मोठ्या अक्षरात. अण्णांना ते स्वतः वाचायचंय.

तुझीच,
दिपाली