क्रम बदलून

गुरु. १९ एप्रिल १९८४
वर्तमानपत्राच्या ऑफिसात रविवारची पुरवणी लावून निघायला उशीर झाला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आमच्यासाठी थांबल्या होत्या. आमची रेवू थेट त्यांच्या टेबलाखाली. नाव विचारलं तर मान वळवली नाही. बाई चांगल्या बोलल्या, तेच जास्त लागलं. "कान तपासले का?" तपासलेत. ठीक आहेत. "मग मुलांच्या डॉक्टरांचं पत्र आणा, शाळेत बसण्यासारखी आहे म्हणून. मेअखेरपर्यंत जागा धरते."
चार वर्षांची पोर. शब्द येतात, पण कोणाला उद्देशून नाही.
घरी सासरे, आबा: "पोरगी गुणाची आहे. कोणाले तरास नाही. गप राह्यली त काय बिघडलं?"

रवि. २२ एप्रिल
रेवूच्या बाबांनी, वि.ने, डॉक्टरांची वेळ घेतली. धंतोलीतला दवाखाना, ७ मे, सकाळी. मला बजावलं, "पत्र घ्यायचं अन् यायचं. तिथं खोदत बसू नको."
दुपारभर रेवू कूलरच्या टाकीपाशी. एकेक चिंचोका पाण्यात टाकायचा, कान लावून ऐकायचं, दुसरा टाकायचा. हाक मारली. नाही.

शुक्र. २७ एप्रिल
आबा निखारे मास्तरांकडे जाऊन आले. दोघांची खाप्याच्या शाळेतली नोकरी बरोबरच झाली. त्यांच्या नातवाला याच डॉक्टरांनी पाहिलं होतं. डॉक्टर काय विचारतात, आधी काय, नंतर काय, सगळं आबा डोक्यात घेऊन आले. वि. हसला. "आबा, तुम्ही तर पेपरच फोडला."
"हयातभर दुसऱ्याच्या पोरांचे पेपर सांभाळले गा. एक नातीचा फोडला त फाशी देतील का मले?"
संध्याकाळपासून शिकवणी सुरू.

बुध. २ मे
नाव? रेवती. बाबांचं नाव? विनायक. गाव? नागपूर. गाय काय देते? दूध. हाताला बोटं किती? पाच. प्रत्येक उत्तराला संत्र्याच्या गोळीचा तुकडा. उत्तर भिंतीकडे बघून देते, पण देते. वि.चा चेहरा बघवत नाही इतका आनंदी. बँकेतल्या मित्राला घेऊन आला, ऐकवायला.
मलाही दोन दिवस वाटलं होतं, जमलं म्हणून.
आज पोळ्या लाटता लाटता सहज विचारलं, बोटं किती गं? म्हणाली, रेवती. तवा उतरवला. जवळ जाऊन पुन्हा विचारलं, गाय काय देते? "विनायक."
घरात कोणाला सांगितलं नाही.

सोम. ७ मे
डॉक्टर तरुण आहेत, घाई नाही. आबांचा पेपर तंतोतंत. नाव, बाबांचं नाव, गाव, गाय, बोटं. रेवूनं सगळं सांगितलं, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत. डॉक्टर म्हणाले, "बोलते की छान. लाजाळू आहे जरा." पेन काढलं, शाळेचं नाव विचारलं. वि.ने सांगितलं. माझ्या पायावर त्याचा बूट आला, अलगद, म्हणजे बस आता.
मी म्हटलं, "डॉक्टर, क्रम बदलून विचारा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रेवूकडे. "बोटं किती?" "रेवती." "गाय काय देते?" "विनायक." कोणी हसलं नाही. पेनाचं टोपण लागलं.
त्यानंतर खूप वेळ ते जमिनीवर बसून होते. चेंडू, बाहुली, लाकडी ठोकळे. बाहुलीकडे तिनं पाहिलं नाही. ठोकळे ओळीत लावले, त्यांनी एक हलवला तर किंचाळून पुन्हा जागी ठेवला. मागून नावानं हाक मारली, काही नाही. कूलर बंद पडला तेव्हा मात्र लगेच वळली.
शब्द वापरला तो असा: "ऑटिझम असू शकेल. आज म्हणत नाही. मीही अशी मुलं फार पाहिलेली नाहीत. दोनदा आणखी आणा. तोवर शिकवू नका. रोज थोडा वेळ ती जे करते ते शेजारी बसून करा. विचारू नका काही."
पत्र नाही.
आबा फाटकात उभे. "पास झाली का?" वि. सरळ आत. मी म्हटलं, पुन्हा बोलावलंय.
"काहून? काय चुकली ते?"
"तिचं काही चुकलं नाही, आबा."

मंगळ. ८ मे
ऑफिसच्या मोठ्या कोशात शब्द सापडला. दोन ओळी. त्यातली एकही रेवूसारखी वाटली नाही, मग दोन्ही वाटल्या. रोज परदेशच्या बातम्या मराठीत करते, पण हे आबांना मराठीत कसं सांगायचं ते जमेना. म्हटलं, तिचं लक्ष आतच असतं, बाहेर यायची वाट अजून सापडली नाही. आबा म्हणाले, "मंग दाखवा ना वाट. मास्तर कशाले असते?"
वि. आज बोलला. "हातात येत होतं पत्र."
"हो."
"मग तुले काय भेटलं?"
शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी क्रम बदलला असता, असं म्हटलं. तो म्हणाला, "तेव्हा पाहिलं असतं. आत तर गेली असती."

रवि. १३ मे
आबांची शिकवणी पुन्हा सुरू, आता उलट्या क्रमानं. बोटं आधी. रेवूनं दोन दिवसांत तोही क्रम पाठ केला. आबा खूश, "पाह्य. आता कसाही इचारू दे." मी नको म्हटलं. डॉक्टरांनी शिकवू नका सांगितलंय.
गोळीची पुडी त्यांनी खिशात घातली. "मंग म्या तिच्यासंग करू काय, शालू?"
मला नावानं हाक मारत नाहीत एरवी. सूनबाई म्हणतात.

गुरु. १७ मे
शाळेतून फोन ऑफिसात. आणखी दोन अर्ज आलेत, पत्राचं काय? म्हटलं, तपासणी चालू आहे. "तपासणी? अजून?" तेवढ्यात जाहिरातवाले फोनसाठी समोर येऊन उभे राहिले, फोन ठेवावा लागला.
वि.ला फोनचं सांगितलं. जेवताना पान अर्धं टाकून उठला.

रवि. २० मे
सकाळी आबा धोतर आवरून कूलरपाशी खाली बसले. गुडघे दुखतात, तरी. एक चिंचोका टाकला. रेवूनं त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. ते तसेच बसले. तिनं टाकला, ऐकलं, टाकला, ऐकलं. किती झाले ते विचारायला आबांचं तोंड उघडलं अन् मिटलं. माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, "काही इचारलं नाही हं म्या."
ती उठून गेली नाही. एवढंच. याचा अर्थ लावत नाही.
वि. दारातून पाहत होता. रजेचा अर्ज टाकलाय, उद्या डॉक्टरांकडे तोही येतोय. शर्टाला इस्त्री करताना म्हणाला, "उद्या त्यांनी आपणहून पत्र दिलं तर?"
"घेईन."
"काही म्हणणार नाही ना तू?"
"काय लिहिलंय ते आधी वाचीन."
तो इस्त्री फिरवत राहिला.