सुंगटांचं पाणी

२६ मार्च

आंब्यावर सुंगटांचं पाणी मारणार म्हणे! कोलंबी सोलून सालं आपण मांजराला टाकतो, त्याच सालांपासून कारखान्यात काढलेली पूड. व्हिनेगरच्या पाण्यात विरघळवायची, आंबा उतरवायच्या तीन आठवडे आधी फवारायची. मग फळावर पातळ पापुद्रा धरतो, बुरशी आत शिरत नाही, गवताच्या अढीत आंबा देठाकडून काळा पडत नाही. विषारी औषध नकोच. हे सगळं अनुजाचं ज्ञान. नात माझी, शेतीचं कॉलेज करून आलीय.

मी म्हटलं, "मगे कोकमाची सोलां घालून कढीच कर गो आंब्याची!"

गंगाराम गडी पंप धूत होता, तो खो खो हसला. ही नाही हसली. म्हणाली, "आज्ये, तुका ह्यातला काय कळाचा नाय."

गड्यासमोर! सासू गेल्यापासून या घरची अढी मी लावते. नुसता हुंगून सांगते आंबा किती दिवस टिकेल ते.

२९ मार्च

माझ्या लेकाने, जितेंद्रने, अनुजाला शब्द दिला. दहा कलमं तुझी. त्यांचा आंबा कमी कुजला तर पुढच्या सालापासून सगळी बाग तू बघ. नाही तर पुण्याची नोकरी धर, मी बाग कराराने देतो.

"मगे रडत येव नको," असंही म्हणाला.

ती दहा कलमांना पांढऱ्या चिंध्या बांधून आली. पाय जमिनीवर नव्हते पोरीचे.

३० मार्च

दहात देवीचं कलमही आहे! त्याचा पहिला आंबा देवळात जातो. त्याला सुंगटांचं पाणी?

२ एप्रिल

केलं.

अनुजा पंपाचा वायसर आणायला जामसंड्याला गेली होती. तिने विरघळवलेलं पाणी पडवीत कॅनमध्ये होतं. मी ते माडाच्या आळ्यात ओतलं. कॅनमध्ये पेजेची निवळ भरली, फडक्यातून गाळून. कालची आंबलेली – वास तसाच आंबट, रंग तसाच गढूळ.

पेजेने कोणाचं वाईट झालंय? माणसं जगतात तिच्यावर.

३ एप्रिल

गंगारामने कॅनमधलं पिंपात मिसळून दहाही कलमांवर मारलं. अनुजा खाली उभी राहून ओरडत होती, "वरच्या घोसाक लागाक व्हया रे!" मी आत बांगडे साफ करत बसले.

२५ एप्रिल

आंबे उतरवले. दोन अढ्या – एक चिंध्यावाल्या कलमांची, एक बाकीच्यांची. अनुजा म्हणाली, "आज्ये, तूच लाव. तुझ्यासारखी अढी कोणाक जमत नाय."

पहिला थर दोनदा मोडून लावला. वय झालं, दुसरं काय.

५ मे

अढ्या उघडल्या. बाकीच्यांत शंभराला दहा-बारा काळे. अनुजाच्यात तीसच्या वर! देठाशी लव आलेली, बोट लावलं की आत जातं. घरभर वास.

अनुजा एकेक आंबा उलटा करून बघत होती, वहीत लिहीत होती. रडली नाही. म्हणाली, "प्रमाण माझाच चुकला असतला."

जितेंद्र म्हणाला, "सुंगटां खावची सोडून झाडाक मारलंस, दुसरा काय होतला!" गंगारामही हसला. मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले. लोकांना वाटलं, वासाने.

६ मे

कुजके आंबे खड्ड्यात टाकायला मीच गेले. पाच टोपल्या. देवीच्या कलमाचेही त्यात. बुरशीला मी पेज वाढली! घरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

७ मे

देवीचं नाव मी पुढे करते आहे, लाज नाही मला.

देवीसाठी असतं तर म्हटलं असतं, ते एक कलम सोड गो. तिने त्या क्षणी सोडलं असतं. मी दहाही कलमांचं पाणी ओतलं. का, तर गड्यासमोर बोलली म्हणून. आणि तिचं खरं ठरलं तर मला कोण विचारतो म्हणून. पंच्याहत्तरीची बाई, नातीवर जळते. शी!

९ मे

दाजी – बागा कराराने घेतो तो – उद्या कागद घेऊन येतोय. अनुजाने पुण्याला होकार कळवला. दोन दिवस धड जेवलेली नाही.

उद्या सांगते. "चुकले" हा शब्द मी जन्मात कोणाला म्हटलेला नाही. नवऱ्यालाही नाही.

१० मे

सांगितलं. दाजीच्या देखत. तिचं पाणी मी ओतलं, पेज मी भरली, चुकले.

जितेंद्र म्हणाला, "आये, नातीचो पुळको माका कळता. पण ह्या वयात खोटा कित्याक बोलतंस?" दाजी म्हणाला, "आजी असूक व्हयी तर अशी!"

अनुजा गळ्यात पडली. आता रडली. "आज्ये, माझ्यासाठी स्वतःवर घेतलंस?"

मी पुन्हा म्हटलं, खरं आहे. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

सही झाली.

१४ मे

अनुजा सकाळच्या गाडीने गेली. निघताना पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.